आमची वाटचाल: पाइप, काटा आणि ॲक्सल नट

‘ते लोक पाइप लावून नट आवळतात,’ असं शेजारचा गॅरेजवाला आमच्याबद्दल येईल त्याला सांगायचा. गिऱ्हाइकं तुटत गेली, शटर कायमचं ओढायची वेळ आली. पाइप आम्ही लावत होतो, पण त्याच्या टोकाला काटा होता, म्हणजे ओढ किलोत दाखवणारा हुकाचा वजनकाटा, हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही. त्याच्याकडे नट आवळायची हवेची मोठी गन होती. गन किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते हे हवेचा दाब, नळी आणि आट्यांची अवस्था यांवर ठरतं. ॲक्सल नट, म्हणजे चाकाच्या मधोमध शाफ्टवर बसणारा मोठा नट, कमी आवळला गेला तर बेअरिंगला प्ले (ढिलाई) येतो, जास्त झाला तर आटे ताणले जातात.

आमचा टॉर्क पाना (टॉर्क मोजून आवळणारा) अर्धा इंची चौकोनी टोकाचा, 200 न्यूटन मीटरपर्यंतचा. कितीतरी गाड्यांच्या ॲक्सल नटला त्याहून जास्त लागतो. पाऊण इंची पाना घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा आमच्या भागीदार मिस्त्रींनी बसवलेली पद्धत अशी.

मॅन्युअलमध्ये 250 न्यूटन मीटर लिहिलंय असं धरा. टॉर्क पाना बाजूला ठेवून साध्या दांड्याला पाइप लावायचा. नटाच्या मध्यापासून काट्याच्या हुकापर्यंत बरोबर 1 मीटर मोजायचं. पाइपाची लांबी मोजून चालत नाही. तिथे 250 न्यूटन ओढ हवी, म्हणजे साधारण 25.5 किलो. काटा आधी माहितीच्या वजनावर तपासायचा. दांडा उभा ठेवून काटकोनात आडवं, सावकाश ओढायचं. उभ्या दांड्याचं स्वतःचं वजन हिशेबात येत नाही. नट फिरला की गोटी (नटावर बसणारा सॉकेट) काढून दांडा पुन्हा उभा लावायचा. वजन टांगणार असाल तर दांडा आडवा हवा. 3 किलोचा एकसारखा दांडा टोकाला 1.5 किलोचं काम करतो, म्हणून टांगायचे 24. आडव्यापासून 30 अंश कलला की 13 टक्के टॉर्क गेला. वजन झटक्याने सोडलं तर नट नेमल्यापुढे जातो.

गोटी सहा कोनीच हवी. मध्ये लांब एक्स्टेंशन असेल तर त्याच्या बाहेरच्या टोकाखाली घोडी (टेकू) द्यायची, नाहीतर गोटी तिरकी होऊन नटाचे कोपरे खाते. एकाने ब्रेक दाबून धरायचा. नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचं वजन त्या चाकावर टाकू नका. अनेक हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) बेअरिंगच्या आतल्या रिंगा नटाच्या दाबानेच एकत्र धरलेल्या असतात. ठोकून अडकवायचा नट दर वेळी नवाच घ्या.

एक टॅक्सीवाले काका त्या दिवसांतही हलले नाहीत. काट्याचा आकडा स्वतः वाकून वाचायचे. त्यांच्या प्रत्येक नटावर आणि शाफ्टवर मिळून रंगाची एक रेघ मारायचो. गाडी परत आली की ती सलग आहे ना, हे तेच आधी बघायचे. त्यांनीच स्टँडवरची बाकीची मंडळी आणली, तेव्हा गॅरेज सावरलं.

आता पाऊण इंची पाना आहे. तरी नव्या मुलांना आधी काटा शिकवतो. क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या टोकावरची पट्ट्याची चाकी) बोल्टला टॉर्कनंतर आणखी किती अंश फिरवायचं हे दिलेलं असेल तर काट्यावर थांबू नका. 90 अंश म्हणजे षटकोनाच्या दीड बाजू. रंगाची खूण करून तेवढंच फिरवा. मॅन्युअल कोरडे आटे म्हणत असेल तर तेल लावू नका. टॉर्कचा मोठा भाग घर्षणातच खर्च होतो. तेलाने ते कमी झालं की तेवढ्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. आणि 200 च्या टॉर्क पान्यालाच पाइप लावून 250 काढायला जाऊ नका, पाना कायमचा खोटं बोलायला लागतो.