पाटीवरचे चार आकडे

चौदा वर्षं मी साधा माल वाहिला. पोती, खोकी, लोखंडी सळया. मग टँकरवर जायचं ठरवलं आणि धोकादायक मालासाठी लायसन्सवर जी वेगळी नोंद लागते, तिच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. गाडी तर हातातली होतीच; नियम पाठ केले की झालं, असा माझा हिशोब होता.

पहिल्याच तासाला प्रशिक्षकांनी विचारलं, "गाडी उलटली आहे. तुम्ही बेशुद्ध आहात. टाकीत काय आहे ते कोण सांगणार?" कुणी म्हणालं क्लीनर, कुणी म्हणालं मालकाला फोन लावायचा. त्यांनी फळ्यावर एक नारिंगी चौकट काढली, मधोमध आडवी रेघ ओढली, वर ३३ लिहिलं आणि खाली १२०३. "ही पाटी सांगणार."

खालचा चार आकडी नंबर संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १८३० गंधकाम्ल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. कुठलीही भाषा बोलणारा अग्निशमनवाला आला तरी त्याला नंबर कळतो. वरचा आकडा धोक्याचा. ३ म्हणजे पेटणारा द्रव, आणि तोच आकडा दोनदा आला की धोका जास्त तीव्र. म्हणून डिझेलवर ३० आणि पेट्रोलवर ३३. आकड्यांच्या आधी इंग्रजी एक्स असेल तर त्या मालाचा पाण्याशी संयोग घातक. सोडियम धातूवर एक्स ४२३ असतं. आगीवर पाणी मारायचं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक, आणि इथे तेच पाणी भडका उडवतं. पाटी वाचली नाही तर मदतीला धावणाराच मरतो.

रस्त्यावरून धोकादायक माल नेण्याबद्दल युरोपात १९५७ साली जिनिव्हात झालेल्या एडीआर करारात या पाटीबद्दल एक अट आहे, ती माझ्या मनात घर करून राहिली. पाटी पंधरा मिनिटं आगीच्या वेढ्यात राहिली तरी निसटता कामा नये आणि आकडे वाचता आले पाहिजेत. म्हणजे गाडी जळत असेल, चालक आत असेल किंवा नसेल, तेव्हाही पाटीने बोलत राहायचं.

मालाचे नऊ वर्ग आहेत: स्फोटकं, वायू, पेटणारे द्रव असं करत नवव्या वर्गात इतर कुठेच न बसणारा माल. त्यांची चौकोनी, टोकावर उभी केलेली चिन्हं मी चार दिवसांत पाठ केली. कुठला माल कुठल्यासोबत लादायचा नाही, हे मात्र पाठांतराने जमेना. पाचव्या वर्गातले ऑक्सिडायझर स्वतः पेटतीलच असं नाही, पण आगीला ऑक्सिजन पुरवतात. ते पेटणाऱ्या द्रवाशेजारी ठेवले तर आग विझता विझत नाही. असं कारण समजलं, तसा तक्ता आपोआप डोक्यात बसत गेला.

तरीही पहिल्या लेखी परीक्षेत मी नापास झालो. प्रश्न होता: माल उतरवला, टाकी रिकामी आहे, पाट्या काढायच्या का? मी लिहिलं, हो. रिकाम्या गाडीवर पाटी ठेवली तर लोक उगाच घाबरतील, असं मला खरोखर वाटलं होतं.

प्रशिक्षकांनी पेपर समोर ठेवून समजावलं. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असते तेव्हा. भरलेल्या टाकीत द्रवावरच्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की बहुधा पेटायला पुरेशी हवाच नसते. उतरवलेल्या टाकीत तळाशी थोडं पेट्रोल उरतं आणि वरून हवा शिरते. म्हणजे नेमकं पेटणारं मिश्रण तयार होण्याची सोय. टाकी धुऊन, वाफ काढून टाकल्याशिवाय ती रिकामी म्हणायचीच नाही आणि पाटी काढायची नाही. अशा टाकीला वेल्डिंग करायला गेलेल्या माणसांचं काय होतं तेही त्यांनी सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा वर्षांत अशा कितीतरी टँकरांच्या आडोशाला मी निर्धास्त जेवलो होतो.

दुसऱ्यांदा पास झालो. पुढचा भाग यार्डात, भरणीच्या जागी.

इथे क्रम म्हणजेच नियम. इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना ठोकळे. मग अर्थिंगचा चिमटा गाडीच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. त्यानंतरच झाकण आणि पाइप. निघताना उलट: पाइप सुटला, झाकणं बंद झाली, आणि चिमटा सगळ्यात शेवटी. वाहत्या पेट्रोलमुळे टाकीवर स्थिर वीज साठते. चिमटा आधी काढला आणि वाफ अजून तिथे असली, तर एक ठिणगी पुरते. दोन वेळा माझा हात घाईने चिमट्याकडे गेला आणि दोन्ही वेळा मला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. योग्यच केलं.

टाकी काठोकाठ का भरायची नाही, हे शिकवताना त्यांनी स्पेनमधल्या लोस अल्फाकेसची घटना सांगितली. ११ जुलै १९७८. प्रॉपिलीनचा, म्हणजे दाबाखाली द्रव केलेल्या पेटणाऱ्या वायूचा टँकर, साधारण १९ टनांच्या मर्यादेच्या जागी २३ टनांहून जास्त भरलेला. उन्हाने द्रव फुगला की त्याला जागा लागते, आणि ती ठेवलेलीच नव्हती. समुद्रकाठच्या तंबूंच्या मुक्कामाजवळ टाकी फुटली, दोनशेहून जास्त माणसं गेली. पेट्रोलसुद्धा दहा अंशांनी तापलं तर दहा हजार लिटरमागे साधारण शंभर लिटर फुगतं. भरणीवर "अजून थोडं घे" म्हणणारा कुणी ना कुणी असतोच. त्याला नाही म्हणणं हे चालकाचं काम आहे आणि मी ते आजही भांडून करतो.

अर्धी टाकी तर त्याहून फसवी. ब्रेक दाबला की गाडी थांबते, आतला द्रव थांबत नाही. तो पुढे आदळतो आणि गाडीला ढकलतो. वळणावर तो एका बाजूला चढतो आणि गाडी कलंडते. म्हणून आत भोकांचे आडवे पडदे असतात. एडीआरमध्ये तर पडदे किंवा कप्पे घालून साडेसात हजार लिटरच्या आतले भाग केले नसतील, तर द्रवाची टाकी वीस टक्क्यांच्या वर आणि ऐंशीच्या खाली भरू देत नाहीत. गंधकाम्ल पाण्याच्या पावणेदोन पटीहून जड. मोठ्या टाकीत ते भरलं की वजनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि टाकी अर्धवट राहते. यार्डात पाणी भरून सराव केला तेव्हा तो मागून येणारा धक्का मला पहिल्यांदा पाठीत जाणवला. वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, वळणात ब्रेक नाही, हे त्या धक्क्याने शिकवलं.

त्यानंतर एका जुन्या चालकाबरोबर काही फेऱ्या केल्या. दर थांब्यावर गाडीभोवती एक चक्कर, टायरला हात लावून बघणं, व्हॉल्व्हखाली वाकून बघणं, आणि मालाचे कागद कायम केबिनमध्ये हाताशी, सामानाखाली नाही. त्यांनी वेगळं काही शिकवलं नाही. रोज न चुकता तेच केलं.

एकट्याच्या तिसऱ्या फेरीत तशीच चक्कर मारताना मागच्या व्हॉल्व्हखाली ओल दिसली. वास आला. थेंब हळू पडत होता. मन म्हणालं, रिकामी करायची जागा जवळच आहे. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि सखल जागी साचते. इंजिन बंदच होतं, ते पुन्हा चालू केलं नाही. बॅटरीचा मुख्य खटका बंद केला, कागद घेतले, वारा जिकडून येत होता त्या बाजूला बराच लांब गेलो. फोन तिथे जाऊन मगच काढला. एक माणूस बिडी ओढत गाडीकडे निघाला होता, त्याला ओरडून मागे फिरवलं.

अग्निशमनची गाडी बरीच अलीकडे थांबली. उतरलेल्या अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही. आधी दुर्बीण लावली आणि पाटी वाचली. हाताने जवानांना इशारा केला, ते फेसाची नळी सोडायला लागले. मग तो वाऱ्याच्या बाजूने माझ्यापर्यंत आला.

"बाराशे तीन ना? किती लिटर आहे?"

मी कागद पुढे केले.