मालक कोण?

सोमवारच्या ओपीडीत भांडुपला वॉचमन असलेले बेचाळीस वर्षांचे गृहस्थ आले. टीबीची औषधं दोनदा पूर्ण घेतल्याची फाइल हातात, खोकला तसाच, आता एक जिना चढला की धाप. मुंबईत फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसले की हात आपोआप टीबी लिहितो. दुसऱ्या खेपेला थुंकीत जंतू नव्हते, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह होतं. तरी सहा महिने गोळ्या! मला याचा संताप येतो.

एक्स-रे लावला. दोन्हीकडे बाजरीच्या दाण्यांएवढे गोल ठिपके, आणि श्वासनलिकांजवळच्या गाठींना अंड्याच्या कवचासारखी चुन्याची पातळ कड. ही कड दिसली की मी आजचं काम विचारत नाही, आधीचं विचारते.

"चंद्रपूरले खाणीत होतो जी. ड्रिलवर."

अकरा वर्षं. खुल्या खाणीत कोळशावरचा दगड आधी फोडून काढतात, त्याला ते 'ओबी' म्हणतात. त्यात कोरडी भोकं पाडताना सिलिकाची धूळ उडते; ती फुफ्फुसात साचून होतो तो सिलिकोसिस. तोंडाला फक्त गमछा. वडील भूमिगत खाणीत लोडर होते: रजिस्टरला नाव, पीएफ, पेन्शन, ठरावीक वर्षांनी छातीचा एक्स-रे. ती खाण बंद झाली आणि मुलगा कंत्राटदाराकडे रोजीवर लागला.

ब्रिटनची शेवटची खोल कोळसा खाण २०१५ मध्ये बंद झाली, जर्मनीची २०१८ मध्ये. तिथे खोल खाणींचं कामच थांबलं. आपल्याकडे सरकारी कोल इंडियाचा कोळसा वाढत २०२४-२५ मध्ये ७८ कोटी टनांवर गेला, आणि पटावरचे कामगार एकेकाळच्या सहा लाखांवरून सव्वादोन लाखांच्या आसपास आले. उरलेलं काम याच्यासारख्यांनी केलं.

कायद्यानुसार सिलिकोसिसचा असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने खाणींच्या मुख्य निरीक्षकांना कळवायचं असतं. ते पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. खाणीचं नाव त्यांनी चटकन सांगितलं. पण भरपाई मागायची तर मालक दाखवावा लागतो.

"कोनत्या सायबाचं नाव सांगू जी? टेंडर बदललं का मालक बदले."

मग जरा थांबून म्हणाले, "बाबाचा टोकन नंबर पाठ आहे. तो चालन का जी?"

जुनं बँक पासबुक गावाकडून मागवायला सांगितलंय. पगार एकदा जरी खात्यात आला असेल, तर कुणाचं तरी नाव त्यात सापडेल.