ड्रॉइंग नसलेला ब्रेकर

नाशिकमधल्या आमच्या कॉलनीसमोरचा १८ मीटरचा डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) म्हणजे पाथर्डी फाट्याकडून अंबड एमआयडीसीला जायचा चोरवाटेचा रस्ता. २०२३ चा पावसाळा संपेपर्यंत त्यावर एवढे खड्डे होते की वेग हा आमचा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या तोंडावर नवं डांबर पडलं. सगळ्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकले, हात जोडले. आठ दिवसांत सकाळी पावणेसातला, म्हणजे पोरं फर्स्ट शिफ्टचं पंचिंग गाठायला गाड्या पळवतात त्या वेळेला, गेटबाहेर पाय टाकायची चोरी झाली.

त्या पोरांवर मला फार ओरडता येत नाही. ३१ वर्षं मीही असाच पळालोय.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला होतो. रिटायर झालो तरी मोजायची खोड जात नाही. गेटपासून टेपने ५० मीटर मोजले, दोन्ही टोकांना खडूच्या रेघा ओढल्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन गिरणीच्या ओट्यावर बसलो. हिशोब सोपा आहे: १८० ला सेकंदांनी भागायचं, ताशी वेग मिळतो. ६ सेकंद लागले तर ३०. भाजी टाकून रिकामी परतणारी एक पिकअप ३ सेकंदांत गेली, म्हणजे ६०. त्या वेगात समोर पोर दिसून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एकच सेकंद धरा; तेवढ्यात गाडी १६-१७ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. ३० ला हेच अंतर ८ मीटर होतं. गिरणीवाले अण्णा म्हणाले, "नाना, मोजून काय व्हनार? आडवं काईतरी टाका."

टाकलं.

मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता, त्यामुळे नगरसेवकाच्या घरी जाऊन बसायची सोय नव्हती, आणि अर्ज लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा. शेजारच्या साइटवर स्लॅब पडला, माल उरला. रात्री साडेदहाला आम्ही सात-आठ जणांनी घमेली उचलून रस्त्यात आडवा बांध घातला. फळी मारून वरून साफ केला तो मी. मग अण्णांकडे चहा झाला. सकाळी गाड्या कचकन थांबायला लागल्या, तेव्हा आम्ही गॅलरीतून बघत होतो आणि खूश होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडईतून येताना माझ्याच अॅक्टिवावर मागे बसलेली माझीच बायको त्या बांधावर उडून पडली. वेग काही नव्हता, पंधरा-वीस असेल. हाड मोडलं नाही, पण माकडहाडाला मार बसला आणि पुढचे दोन महिने तिला उशीशिवाय बसता आलं नाही. टोमॅटो रस्ताभर. ती मला काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी स्ट्रेट एज आणि स्केल घेऊन रस्त्यात बसलो. आमचा बांध १६ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ४० सेंटिमीटर रुंद होता. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक बघितलं, आयआरसी ९९. साधा गोल गतिरोधक, जो गाडीने २५ च्या आसपास सुखाने ओलांडावा, तो त्यात १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद आहे, वरचा गोलवा १७ मीटर त्रिज्येचा. ३.७ मीटर म्हणजे छोट्या कारच्या लांबीएवढी रुंदी झाली! गाडी त्यावर चढते, वर येते, उतरते. हळू गेलात तर झोका, जोरात गेलात तर धक्का. आमच्या बांधावर पुढचं चाक उतरून गेल्यावर मागचं चाक चढायचं, आणि मागे बसलेला माणूस बरोबर मागच्या चाकावर असतो. हळू जाणाऱ्यालाही तीच शिक्षा. ३१ वर्षांत ड्रॉइंगशिवाय एक जॉब मी पास केला नव्हता, आणि हा केला होता.

ब्रेकर फोडायला ब्रेकर भाड्याने आणला. पैसे मी दिले.

मग अर्ज. सोसायटीचं लेटरहेड, रहिवाशांच्या सह्या, अंगणवाडी आणि गेट दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, माझे वेगाचे आकडे. विभागीय कार्यालयात आवक क्रमांक घेतला, एक प्रत वाहतूक शाखेला. पाहणीला आलेले इंजिनिअर तरुण होते. त्यांनी पहिलं विचारलं, "पाणी कुठल्या बाजूला वाहतं?" आडवा उंचवटा घातला की पाणी अडतं, पाणी अडलं की शेजारीच खड्डा. हे आमच्या डोक्यातही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना बारीक पांढऱ्या पट्ट्यांचे रम्बलर हवे होते. इंजिनिअर म्हणाले, "घराजवळ नको, ताई. रात्रभर खडखड ऐकायला लागेल." प्रत्येकाला ब्रेकर आपल्या गेटसमोर हवा होता, पण आपल्या बेडरूमखाली नको होता. शेवटी अंगणवाडीच्या अलीकडे एकच ठरला, आणि ४० मीटर आधी सूचनेचा फलक.

कमिटीतल्या काही उत्साही मंडळींनी '२०' च्या वेगमर्यादेचा फलक स्वतःच रंगवून आणला होता. तो अजून पार्किंगमध्ये आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे वेगमर्यादा कमी करायची तर राजपत्रात अधिसूचना लागते. महिन्याभरापुरती असेल तरच सूट. तशी अधिसूचना नसेल, तर केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा लागू: महापालिका हद्दीत कारला ७०, दुचाकीला ६०, रिक्षाला ५०. म्हणजे माझी ती ६० ची पिकअप कायद्याने बहुधा निर्दोष! मालवाहू गाडीची मर्यादा ६० च आहे. हे वाचून मी स्टॉपवॉचकडे बघत बसलो.

दंडाचं म्हणाल, तर कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आहे. पण स्पीडगनची गाडी कॉलनीच्या रस्त्यावर रोज कोण उभी करणार? चौकातले हवालदार म्हणाले, "काका, हायवे सोडून आम्ही तुमच्या गेटला बसू का?" मला त्यांचं पटलं. रोज चोवीस तास उभा राहणारा फक्त तो उंचवटाच.

तो झाला. मी टेप लावला: साडेदहा सेंटिमीटर. अर्धा सेंटिमीटर जास्त, पण डांबरात तेवढा टॉलरन्स देतो मी. रुंदी बरोबर. सकाळी पावणेसातला ओट्यावर बसलो. अंगणवाडीपाशी बहुतेकांना ५० मीटरला ६-७ सेकंद लागत होते. ब्रेकर ओलांडला की पुढे पुन्हा पीळ मारतात, ती गोष्ट वेगळी.

ही मात्र अजून तो उंचवटा आला की माझा खांदा घट्ट धरते. मोजलाय, ड्रॉइंगप्रमाणे आहे, असं मी तिला एकदा सांगितलं. "आधीचा पण तूच पास केला होतास," म्हणाली.