तुम्ही विचारलंत म्हणून: सगळेच कपॅसिटर बदलायचे का?

कुणाच्या हाती जुना अँप्लिफायर आला की मला हमखास विचारलं जातं, "उघडलाच आहे, तर आतले सगळे कपॅसिटर बदलून टाकू का? आवाजही सुधारेल ना?"

सगळे नको. आणि आवाज सुधारायचा तर आधी तो बिघडलाय कशाने, ते शोधा.

कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग. त्यांतले म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक. त्यांच्यातलं द्रावण रबरी बुचातून वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून हीटसिंकला खेटून बसलेला आधी जातो आणि थंड कोपऱ्यातला त्याचा जोडीदार कित्येक दशकं ठणठणीत राहतो. फिल्म आणि सिरॅमिक कपॅसिटरना सहसा हात लावू नये. इलेक्ट्रोलिटिकचाही ईएसआर (आतला अडथळा) मोजून मगच निकाल द्यावा. नुसती कपॅसिटी मोजली तर मीटर खुशाल "सगळं ठीक" म्हणतो.

व्हॉल्यूम शून्यावर असूनही दोन्ही स्पीकरमधून घुमत असेल, तर पहिला संशय पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर. 50 हर्ट्झच्या विजेवर हा हम 100 हर्ट्झचा असतो. नॉब फिरवताना येणारी खरखर मात्र बहुधा पोटेन्शिओमीटरच्या (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पट्टीवरच्या मळाची. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत बराच वेळ फिरवा. तरी खरखर गेली नाही, तर पोटेन्शिओमीटरच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (फक्त सिग्नल पुढे जाऊ देणारा) डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, गळू देतोय का ते बघा. एक बाजू मधूनच गायब होत असेल तर स्पीकर रिले (स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्विच) किंवा सुटलेला सोल्डरचा डाग. यातल्या निम्म्या दुखण्यांना नवा कपॅसिटर लागतच नाही.

प्लग काढला म्हणजे धोका गेला, असं नाही. मोठे कपॅसिटर भार धरून बसतात. तो रेझिस्टरमधून उतरवा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, आणि मीटरने खात्री करा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना फेजच्या वायरीत जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये टाका. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर वाचतात. एलईडी बल्बाने हे काम होत नाही. मग स्पीकर न जोडता आउटपुटवरचा डीसी मोजा. थोडे मिलिव्होल्ट चालतात. आकडा 100 मिलिव्होल्टच्या वर असेल तर स्पीकर लांबच ठेवा.

आता अपग्रेड. इथे माझं मत बऱ्याच जणांना रुचत नाही. फिल्टर कपॅसिटर दुप्पट मोठे केले की चालू करतानाचा करंटचा झटका वाढतो आणि तो रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या भागाला) सोसावा लागतो. जुन्या ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) जागी वेगवान ऑप-अँप ठोकला तर तो कानाला न कळता ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आपोआप कंप पावत राहू शकतो. ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) नसेल तर या वाटेला जाऊच नये. स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (उंच आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) इलेक्ट्रोलिटिक काढून फिल्म घातला की ईएसआर घटतो आणि ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) थोडा चढा वाजू शकतो. काहींना त्यातच सुधारणा ऐकू येते.

खरा पैसा वसूल होतो तो वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेच्या फोमवर. हा फोम कपाटात पडल्या पडल्याही भुसभुशीत होतो, पण कोन आणि कॉइल बहुतेकदा शाबूत असतात. नवी कड चिकटवायची, कॉइल घासत नाही ना ते बोटांनी कोन अलगद दाबून बघायचं, की हरवलेला खर्ज परत येतो.

तरीही कपॅसिटर बदलून फरक ऐकायचाच असेल, तर आधी एकाच चॅनलचे बदला. मोनो सिग्नल द्या, बॅलन्स नॉब इकडून तिकडे फिरवा, आणि कुठली बाजू नवी ते ठाऊक नसलेल्या माणसाला ओळखायला सांगा. दुसऱ्या चॅनलचं काय करायचं, ते त्यानंतर ठरवा.