किल्ल्याच्या पोटात, टाकीचे घाव शोधत

अख्खा जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेला, पण किल्ला म्हणजे पाहुण्यांना मान मंदिराच्या निळ्या फरश्या दाखवायच्या आणि खाली उतरायचं, एवढीच आमची धाव. या डिसेंबरात शिल्पकला शिकणारा भाचा पुण्याहून आला. म्हणाला, "मामा, महाल नंतर. आधी दगड कसा काढायचे ते दाखव."

म्हणून उरवाईच्या घाटात गेलो. इथल्या तीर्थंकरांच्या मूर्ती पंधराव्या शतकात, तोमर राजा डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात कोरल्या. सर्वांत उंच आदिनाथ सुमारे 57 फूट. 1528 मध्ये बाबर इथे आला आणि मूर्ती फोडायचा हुकूम सोडून गेला. मी चेहरेच बघत होतो. भाचा मात्र कोनाड्यात वाकून भिंत चाचपत होता. मूर्तीचा गुडघा तुळतुळीत, आणि हातभर मागे वालुकाश्मावर टाकीचे तिरपे घाव, बोटबोट अंतरावर, कालच मारल्यासारखे. इथे मूर्ती आणून बसवलेली नाही, भोवतालचा डोंगर काढून टाकलाय. चाळीस वर्षं या रस्त्यानं जातोय, हे डोक्यातच आलं नव्हतं.

फूलबागेच्या बाजूचा गोपाचलचा समूह चुकवू नका. तिथला पार्श्वनाथ 42 फुटी, तोही बसलेला! जवळच एक पत्थर की बावडी, नावाप्रमाणे खडकातच खोदलेली.

मान मंदिराचे जमिनीखालचे दोन मजले शेवटी ठेवा. मानसिंह तोमरानं (1486–1516) बांधले ते उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी, मुघलांनी त्यांचा तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यावर कैदेत होता, 1661 मध्ये त्याला मारलं. इथले दगड रचलेले आहेत, सांधे दिसतात. जिना अरुंद, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, वास वटवाघळांचा. माझ्या मोबाइलची बॅटरी नेमकी खालच्या मजल्यावर संपली आणि शेवटच्या पायरीवर घोटा मुरगळला. वेगळी टॉर्च न्याच, आणि चपला नकोत, बूट हवेत.

गाडी उरवाईकडून वर जाते. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजातून पायीच जावं लागतं आणि चढ दमवतो, तेव्हा त्या वाटेनं उतरा. भूक लागली तर वरच दाताबंदी छोड गुरुद्वारा आहे. डोक्याला रुमाल बांधून लंगरला बसा. मी लंगडत का होईना, दोनदा डाळ घेतली.