नववा रकाना: डिजिटल आरोग्य आढाव्यातले माझे अकरा आठवडे

तक्त्यात नऊ रकाने होते. त्यांतील आठ आम्ही तीन आठवड्यांत भरले आणि नवव्यासाठी एका कार्यालयाचे उंबरठे अकरा आठवडे झिजवले. तो राग अजून पुरता निवळलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा सूर कुठे चढला तर वाचकांनी तो त्या हिशेबात धरावा.

मी सार्वजनिक आरोग्याच्या कामात बावीस वर्षे घालवलेला डॉक्टर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ फेब्रुवारी २०२२ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे रुग्णांच्या आरोग्यनोंदी संगणकीय पद्धतीने एकमेकींशी जोडण्याच्या केंद्राच्या योजनेला, पाच वर्षांसाठी १६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली होती. ती मुदत सरत आली, तेव्हा देशाच्या पुढच्या आखणीसाठी खालूनही काही सांगता यावे, या हेतूने आमच्या पाच जणांच्या गटाने आपल्या जिल्ह्यापुरता आढावा अंगावर घेतला. साचा म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१२ मध्ये मिळून काढलेली मार्गदर्शिका वापरली. तीत नेतृत्व, गुंतवणूक, सेवा, मानके, पायाभूत सुविधा, कायदे आणि मनुष्यबळ अशा सात अंगांनी देशाची स्थिती तपासायची असते. वाचन, रुग्णालयांच्या भेटी, इंटरनेटच्या वेगाची मोजणी हे सारे सुरळीत पार पडले आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही.

नवव्या रकान्याचे शीर्षक आम्ही ‘प्रणालीची मालकी’ असे दिले होते. जिल्ह्यात आरोग्याच्या ज्या ज्या संगणकीय प्रणाली चालतात, त्यांतील प्रत्येकीची मालकी कोणाकडे आहे, एवढेच त्यात लिहायचे होते. हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो, पण सगळ्या धोरणाचे वजन त्याच्यावर आहे. जे. सत्यनारायण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये दिलेल्या राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखड्यानुसार रुग्णाच्या नोंदी एका मोठ्या मध्यवर्ती कोठारात गोळा करायच्या नाहीत. त्या जिथे तयार होतात तिथेच राहतात आणि रुग्णाने संमती दिली की एकीकडून दुसरीकडे जातात. म्हणजे दिल्लीतली यंत्रणा कितीही चोख असली, तरी नोंद ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसली आहे ते सॉफ्टवेअर कुणीतरी तिला जोडून द्यावे लागते. मिशनमध्ये या जोडणीचे तीन टप्पे मानतात: पहिल्यात आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, तयार करता आणि पडताळता यावा, दुसऱ्यात नोंदी त्या क्रमांकाशी जोडून उपलब्ध व्हाव्यात आणि तिसऱ्यात इतरत्र असलेल्या नोंदी संमतीने मागवता याव्यात. प्रत्येक टप्प्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बदल करावे लागतात, त्या बदलांचा आदेश मालकच देऊ शकतो आणि मालकच ठाऊक नसेल तर पुढच्या पाच वर्षांची योजना म्हणजे हवेतले इमले होत.

आमच्या यादीत सतरा प्रणाली निघाल्या. निक्षय (क्षयरोग), यू-विन (लसीकरण), आयएचआयपी (रोगसर्वेक्षण) यांसारख्या केंद्राच्या प्रणालींविषयी प्रश्नच नव्हता. घोळ होता तो स्थानिक पातळीवर घेतलेल्या सहांचा: दोन रुग्णालयांतील केसपेपरची दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर, प्रयोगशाळेचे एक, औषधभांडाराचे एक, क्ष-किरण विभागाचे एक आणि रक्तपेढीचे एक. या सहांची माहिती ज्या कार्यालयात असायला हवी होती, तिथे मी रीतसर पत्र दिले, आवक कक्षात पोच घेतली आणि आठवडाभरात उत्तर येईल अशा भाबड्या समजुतीत घरी आलो.

दोन आठवड्यांनी चौकशी केली तेव्हा पत्र तांत्रिक कार्यासनाकडे असल्याचे कळले. तांत्रिक कार्यासनाने ते खरेदी कार्यासनाकडे पाठवले होते. खरेदी कार्यासनाने ‘सदर बाब या कार्यासनाशी संबंधित नसल्याने मूळ पत्र परत’ असा शेरा मारून ते जिथून आले तिथे धाडले होते आणि दरम्यान तांत्रिक कार्यासनाच्या सहायकांची बदली झाली होती. मी पहिले स्मरणपत्र दिले. ते नव्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, लागले आणि मूळ पत्र जुन्या नस्तीत राहिले, त्यामुळे आता एकाच प्रश्नाच्या दोन नस्त्या झाल्या आणि एकीत जे होते ते दुसरीत नव्हते. डिजिटल आरोग्याच्या आढाव्यात एका रुग्णाची नोंद दोन प्रणालींत विखुरलेली असते, याबद्दल आम्ही लांबलचक परिच्छेद लिहिला होता. त्या परिच्छेदाचे प्रात्यक्षिक मला बाकावर बसून पाहायला मिळत होते. साहेब कधी व्हीसीत (व्हिडिओ बैठकीत) असत, कधी दौऱ्यावर. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर मी दर मंगळवारी स्वतः जाऊ लागलो, कारण मंगळवारी साहेब बहुधा जागेवर असतात असे शिपाईमामांनी मला सांगितले होते, आणि त्या साऱ्या कार्यालयात तेवढी एकच माहिती मला विनासायास मिळाली.

सातव्या आठवड्यात मी आवाज चढवला. तो चढवायला नको होता, कारण समोरचे सहायक वयाने माझ्याहून मोठे होते आणि त्यांच्या हातात खरोखरच काही नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही ‘मालकी’ लिहिलंय. मी लिहून द्यायचं की हे सॉफ्टवेअर आमचं. उद्या लेखापरीक्षणात विचारलं की बंद का पडलं, रुग्णांची माहिती बाहेर कशी गेली, तर सही कुणाची? माझी. इथं कुणीच लिहून देणार नाही.” मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा त्यांनी वाचला असेल असे मला वाटत नाही, पण माहितीची जबाबदारी घेणाऱ्याच्या मानेवर काय येऊ शकते, हे त्यांनी त्याच्या वाचकांइतकेच नेमके ओळखले होते.

माझ्या चुकीचा दुसरा पदर आमच्याच गटातल्या तरुण अभियंत्याने उलगडला. मिशनच्या आरोग्य माहिती व्यवस्थापन धोरणाचा, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या धोरणाचा, सारा भर रुग्णाच्या संमतीवर आहे; माहिती ज्याची आहे त्याच्या परवानगीवाचून ती हलत नाही. तेव्हा कार्यालयाकडे माहितीची ‘मालकी’ विचारल्यासारखा दिसणारा आमचा प्रश्नच तत्त्वतः चुकीचा होता. आम्हाला विचारायचे होते ते यंत्राविषयी, आणि शब्द वापरला होता तो सातबाऱ्यावरचा. चार पानी पत्रातला एक शब्द इतके आठवडे खाऊ शकतो, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

वाट पाहण्याच्या त्या काळात मी एका उपकेंद्रात दिवसभर बसलो आणि सगळ्या आढाव्यात मला सर्वांत अधिक शिकवले ते त्या दिवसाने. सपाट भागात ५००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे; तिथल्या आरोग्यसेविकेच्या वाट्याला प्रत्यक्षात किती नोंदी येतात, ते मला पाहायचे होते. मी म्हटले, “सिस्टर, एका गरोदर बाईची नोंद तुम्ही कुठे कुठे करता, ते क्रमाने दाखवा.” त्यांनी आधी नोंदवही उघडली, मग टॅबवर अनमोल हे आरोग्यसेविकांचे ॲप, मग जोखमीच्या मातांची वेगळी कागदी यादी, मग आभा क्रमांक, बाळ झाल्यावर लसीकरणासाठी यू-विन आणि महिन्याच्या शेवटी हे सगळे आकडे पुन्हा बेरजा करून एचएमआयएस या केंद्राच्या आरोग्य माहिती प्रणालीच्या अहवालात. बाई जिथे बाळंत होते त्या रुग्णालयातील केसपेपरच्या सॉफ्टवेअरमध्ये यांतले काहीच दिसत नाही. तिथे तिचे हिमोग्लोबिन पुन्हा विचारतात, आणि तिने कार्ड घरी विसरले असेल तर पुन्हा तपासतात. “नोंद करायला माझी ना नाही, सर,” सिस्टर म्हणाल्या, “पण आभासाठीचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जातो आणि नवरा भिवंडीला. मी त्याला फोन करते, तो गाडीवर असतो, तोपर्यंत ओटीपीची वेळ संपते.” देशात ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक निघाले आहेत, या वाक्याने अहवालाची सुरुवात करण्याचा आमचा बेत मी त्या संध्याकाळी रद्द केला. क्रमांक किती निघाले यापेक्षा किती क्रमांकांना प्रत्यक्ष नोंदी जोडल्या गेल्या आणि त्यांतल्या किती दुसऱ्या डॉक्टरने उघडून पाहिल्या, हे आढाव्यात आधी यायला हवे. असा आढावा हाती घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात उपकेंद्रात एक दिवस काढावा. मी तो आठव्या आठवड्यात काढला, आणि तोही नाइलाजाने.

रकाना अखेर सुटला तो लेखा शाखेत. मी तिथे वेगळ्याच कामासाठी, आमच्या प्रवासखर्चाच्या देयकासाठी गेलो होतो. लेखापाल मॅडमनी माझी कहाणी ऐकून घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या, “मालक कोण म्हणून विचारू नका. देखभालीचं बिल कुणाच्या लेखाशीर्षातून जातं, ते विचारा. त्याची नोंद माझ्याकडेच आहे.” मी त्याच संध्याकाळी नवव्या रकान्याचे शीर्षक बदलून ‘वार्षिक देखभाल खर्च: लेखाशीर्ष व मंजुरी देणारा अधिकारी’ असे केले आणि नवे पत्र दिले. चार प्रणालींची उत्तरे सहा दिवसांत आली, लेखी आणि सहीनिशी. ज्या सहायकांनी मला चहा पाजला होता त्यांनीच ती सही केली, कारण आता ते मालकी कबूल करत नव्हते, केवळ वहीत आधीपासून असलेली नोंद उतरवून देत होते.

पाचवी प्रणाली, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयातील केसपेपरची, कोणत्याच कार्यासनाच्या वहीत सापडेना. ती रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घेतलेली निघाली आणि समितीच्या कार्यवृत्तात तिचा ठराव मिळाला. स्थानिक निधीतून झालेली खरेदी शासकीय नस्तीत सापडत नाही, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर तरी पत्र लिहिण्याआधीच सुचायला हवे होते. सहावी प्रणाली प्रयोगशाळेची. तिच्या देखभालीचा करार संपून बराच काळ लोटला आहे, बिल कुणीच भरत नाही, पण ती रोज चालते. तिच्या विदागाराचा (डेटाबेसचा) पासवर्ड ज्या पुरवठादाराकडे आहे, त्याचा दूरध्वनी आता लागत नाही. त्यामुळे तपासण्यांचे निकाल त्या संगणकात शिरतात आणि बाहेर पडतात ते फक्त छापील कागदावर. तिच्यासमोर आम्ही ‘करार संपुष्टात, जबाबदार अधिकारी निश्चित नाही’ असे लिहिले आणि पुढच्या टप्प्याच्या योजनेत पहिली मागणी म्हणून याच ओळीचा उपाय मांडला: जोडणीवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी अशा अनाथ प्रणालींतील नोंदी बाहेर काढून ठेवण्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी, आणि यापुढच्या प्रत्येक करारात पुरवठादार बदलला तरी विदा व पासवर्ड संस्थेच्या ताब्यात राहतील अशी अट असावी.

आणखी एक गोष्ट मध्येच सांगायची राहून गेली. मानकांच्या, म्हणजे सगळ्या प्रणालींनी नोंदी एकाच पद्धतीने लिहिण्याच्या नियमांच्या, प्रकरणावर आम्ही उगाच घाबरलो होतो. पुण्यातील सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र आहे आणि त्याने भारतासाठी तयार केलेले नमुने खुले आहेत. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञाकोशाचा भारत २०१४ पासून सदस्य देश असल्याने त्याच्या वापरासाठी आपल्याकडील संस्थांना परवाना शुल्क भरावे लागत नाही. तेव्हा ‘मानके महाग आहेत’ असे कुणी पुरवठादार सांगू लागला, तर त्याला नेमके कशाचे पैसे लागतात ते लेखी मागावे. पत्रव्यवहाराविषयीही एक सूचना करतो: स्मरणपत्रावर मूळ पत्राचा आवक क्रमांक ठळक लिहावा, नाही तर माझ्यासारख्या दोन नस्त्या होतात.

अहवाल आम्ही ठरलेल्या तारखेनंतर सात आठवड्यांनी दिला. परिशिष्टात नवव्या रकान्याचा सगळा पत्रव्यवहार जोडला, कारण कोणत्याही आलेखापेक्षा तो धोरणाची प्रकृती अधिक अचूक सांगतो असे मला वाटते. गटातल्या दोघांना तो माझा आकस वाटला आणि त्यांचे अगदीच चुकले असे म्हणवत नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच कार्यालयातून दूरध्वनी आला. वरून तातडीने ‘जिल्ह्यातील कार्यरत प्रणाली व त्यांची मालकी’ अशी माहिती मागवली होती, तेव्हा आमचा तयार तक्ता मिळू शकेल का, आणि शक्य तर आजच. मी त्यांना रीतसर मागणीपत्र पाठवायला सांगितले, आवक क्रमांक देतो असेही म्हणालो. रात्री जेवण झाल्यावर मात्र राहवले नाही आणि तक्ता ईमेलने पाठवून दिला. मागणीपत्र अजून आलेले नाही.