ओपीटीचा (अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी पोरांना मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीचा) फॉर्म भरताय? सबमिट दाबायच्या आधी हे वाचा

काल रात्री रावेरहून मावशीचा फोन, "भाऊ, पोरगी अमेरिकेत रडतेय, तो कामाच्या परवानगीचा फॉर्म चुकला म्हणते." केळीच्या पैशावर अन् कर्जावर शिकलेली पोर, मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. तो फॉर्म, म्हणजे आय-७६५, अजून सबमिट झालेला नव्हता, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

कॅटेगरीत सी-३-ए टाकलेलं. ते कोर्स चालू असतानाच्या ओपीटीचं, कोर्स संपल्यानंतरच्या ओपीटीला सी-३-बी लागतं. आणि नाव! आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा गिव्हन नेममध्ये स्वतःचं अन् वडिलांचं नाव जोडून असतं, हिने वडिलांचं गाळलंच होतं. पासपोर्ट, आय-२० (कॉलेजने दिलेला विद्यार्थी असल्याचा कागद) आणि फॉर्म तिन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, कंटाळा करू नका.

तारखांचं तर फार सांभाळा. कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, पण डीएसओने (कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा अधिकारी) सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, शिफारस टाकली की तिथून ३० दिवसांच्या आत तो पोचलाच पाहिजे, आणि हे ३० दिवसच पोरं विसरतात. आय-२० सुद्धा त्या शिफारशीवालाच जोडायचा, मी माझ्या वेळी घाईत जुना जोडला होता, नंतर कागद मागणारी नोटीस आली आणि ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

कामाच्या परवानगीचं कार्ड हातात नाही तोवर कामाला एक दिवसही जायचं नाही, कंपनीने कितीही घाई केली तरी.

आज ती डीएसओला सगळं दाखवून मगच सबमिट करणार आहे. मावशी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसलीय.